वास येतोय म्हणजे शाळा चांगली

सोमवार, १ जुलै १९९६

फाटकातच नाक चुरचुरलं. म्हणजे काल रविवारी अण्णांचा माणूस येऊन गेला.

दरवर्षीचं आहे. अण्णा आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, बाजारपेठेत खतं-बियाणं-औषधांचं दुकान. शाळेत उंदीर झाले की दुकानातून बी.एच.सी.ची कीटकनाशक पावडर येते, फुकट. गडी पाठीवर पंप बांधून येतो आणि कौलापर्यंत फवारून जातो. मग फलकावर खडूने लिहायचं : 'उंदीर-किडे बंदोबस्त. सौजन्य – मा. अध्यक्ष.' ते मी लिहायचं. मुख्याध्यापिकेचं अक्षर चांगलं असतं अशी समजूत आहे.

सरकारने मुलामागे महिन्याला तीन किलो तांदूळ सुरू केला, तो ठेवायला खोली दिली नाही. लोणंदच्या आमच्या शाळेत कडी-कुलूप धड असलेली खोली एकच, पहिलीची. त्यामुळे अर्ध्या खोलीत पोती, अर्ध्या खोलीत पोरं. आज पोत्यांवर, पोत्यांखाली, भिंतीच्या कडेने पांढरी पावडर, फळ्याखाली तर रांगोळी काढल्यासारखी. मुलांनी त्यात बोटाने 'ग' गिरवला होता. हात धुवायला पिटाळलं सगळ्यांना.

दुपारी वरच्या पोत्यावर एक उंदीर बसलेला पाहिला. अंगाला पावडर लावून लग्नाला निघाल्यासारखा.

पहिलीतल्या रंजना कांबळेची छाती वाजायला लागली. दुसऱ्या तासाला ओठ निळसर. व्हरांड्यात आणून बसवली, आजीला बोलावणं धाडलं. आजी, सोनाबाई, मार्केटात कांदा निवडते. कमरेला गोणपाट तसंच, धावत आली. नात काखेत मारली आणि गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, ४ जुलै

रंजना तीन दिवस गैरहजर. आज आजी एकटी आली, दारातच उभी.

"बाई, पोर घरी ब्येस आसती. हितं आली का छाती वाजती. डाक्टर म्हनला, धुळीत बसवू नगं, वासात बसवू नगं. आता शाळा म्हंजे धूळ आन् वासच की. तिचा बाप ऐतवारी साताऱ्यासनं येतुय. म्हनतोय, यंदा ऱ्हाऊ दे शाळा, तुज्याबरुबर कांद्यात बसंल."

"पुढच्या वर्षी?"

"फुडचं वरीस कुनी बघितलंय?"

पुढचं वर्ष मी बघितलेलं आहे. एकदा कांद्यात बसलेली पोर परत शाळेत बसत नाही. मोठ्या वयाची होते, लाजते, मग धाकट्या भावाला शाळेत सोडायला येते आणि फाटकातून वळते. अशा किती जणी बाजारात मला ओळख दाखवतात.

आजीला म्हटलं, महिना दे मला.

"महिना घ्या. पर पोर त्या खोलीत बसवायची न्हाई मी."

जुलैच्या हजेरीचा हिशेब मांडला. ऐंशी टक्के भरली तर तांदूळ, नाहीतर नाही. रंजनाची भरणार नाही. म्हणजे : तांदूळ वाचावा म्हणून पावडर मारली, पावडरीने पोर घरी बसली, आणि घरी बसली म्हणून पोरीला तांदूळ नाही. हे वाक्य दोनदा वाचून पाहिलं. चूक सापडली नाही. परिपत्रकातही सापडत नाही.

शनिवार, ६ जुलै

सकाळची शाळा सुटल्यावर अण्णांच्या दुकानात. अण्णा गल्ल्यावर बसून डबा खात होते, पाठीमागे छतापर्यंत पुड्या आणि डबे. मधूनमधून खोकतात. म्हटलं, हा खोकला? म्हणाले, धंद्याचा हाय.

रंजनाचं सांगितलं. मनापासून हळहळले. लगेच गड्याला हाक मारली, पोरीला द्राक्षाची पेटी पाठव म्हणून. जुलैत द्राक्षं कुठली, हे गड्याने सांगितलं. तेव्हा केळी पाठवली.

"अण्णा, पावडर थांबवूया का थोडे दिवस?"

"आवं बाई, मग उंदरांचं काय?"

"उंदीर पावडर लावून फिरताहेत."

"म्हंजे कमी पडली." लगेच चार पुड्या काढून समोर ठेवल्या. "ह्या ठेवा. आन् एक सांगतो, राग मानू नका. लोक फाटकावरनं जातात, वास येतो, म्हनतात, शाळेवर लक्ष हाय कुनाचं तरी. वास आला म्हंजे औषध खरं. बिनवासाचं कोन घेत न्हाई माज्या दुकानात."

मी पुड्या पिशवीत घेऊन घरी आले. अण्णांशी वाद घालणं म्हणजे लग्नात आहेर नाकारणं. माणूस चांगला आहे, हीच सगळी अडचण. वाईट असता तर एव्हाना भांडून मोकळी झाले असते.

रविवार, १४ जुलै. सांगली

पॅसेंजरने काल आले. ताईकडे. तिच्या शेजारचे उपाध्ये, जैन, पिढ्यान्‌पिढ्या हळद-गुळाचे व्यापारी, पुन्हा धान्याचंही गोदाम आहे. ताई म्हणाली, तुझ्या उंदरांचं यांना विचार, यांच्याकडे मारायचं औषध घरातच येत नाही.

गोदाम पाहिलं. पोती फळ्यांवर, जमिनीपासून हातभर वर. भिंतीपासून माणूस आडवा चालेल एवढी मोकळी. सांडलेला एक दाणा नाही.

"मारत नाही, मग करता काय?"

"काय करायचंय ओ ताई. उंदीर मारायचा नसतो, उपाशी ठेवायचा असतो. एक मारला तर त्याच्या जागी दुसरा येतोय, जागा चांगली आहे म्हणल्यावर. खायला नाही, लपायला नाही, तर तो कशाला थांबतोय? माझ्या समोरच्याकडे जातो."

"समोरचे काय म्हणतात?"

"माझ्याशी बोलत नाहीत ते."

मग स्वतःच हसले. म्हणाले, यात धर्म किती आणि कंजूषपणा किती विचारू नका, औषधाला पैसे पडतात.

भोकं बुजवायला काचेचे तुकडे घालून सिमेंट. नुसतं सिमेंट उंदीर रात्रीत कोरतो. हे लिहून घेतलं.

शुक्रवार, १९ जुलै

पंचायत समितीत प्रशिक्षण. विषय 'एकात्मिक कीड नियंत्रण'. मुख्याध्यापकांना का, ते कोणी सांगितलं नाही. बहुधा खुर्च्या रिकाम्या होत्या. तरुण कृषी अधिकारी, कपाशीवरच्या बोंडअळीवर बोलला. आमच्याकडे कपाशी नाही. पडद्यावर चित्रं दाखवायच्या यंत्राच्या काचेवर एक झुरळ चढलं, ते पडद्यावर म्हशीएवढं दिसलं. सभागृह जागं झालं. अधिकारी म्हणाला, "हे आजच्या विषयात येत नाही."

पण मुलगा हुशार. म्हणाला, आधी बघा, कीड येते कुठून, खाते काय. मग वाट बंद करा, खाणं-पाणी तोडा. हे सगळं करून उरलं तर, आणि तिथेच, आणि तेवढंच औषध. "आपण उलटं करतो, आधी औषध, मग बघतो."

चहाच्या वेळी त्याला गाठून विचारलं, हे शाळेला लागू करता येईल? म्हणाला, मॅडम, शाळा हे पीक नाही.

उपाध्येंचं आणि याचं म्हणणं एकच आहे. एकाने कंजूषपणा म्हटलं, दुसऱ्याने एकात्मिक.

सोमवार, २२ जुलै

सुरुवात. पहिलीचा वर्ग व्हरांड्यात काढला, खोली धुवायला घेतली. आजीला निरोप धाडला, पोर व्हरांड्यात बसेल, आत नाही. रंजना आली. चेहरा उतरलेला, पण पाटी घट्ट धरलेली.

शिपाई साळुंखे, माजी सैनिक, पोती हलवताना उंदरांना शत्रू म्हणतो. "म्याडम, दुश्मन पीछे हटला." पंचवीस वर्षं फौजेत काढून इथे घंटा वाजवतो, त्याला निदान लढाई मिळाली. मोडक्या बाकांच्या फळ्या काढल्या, विटांवर मांडल्या, त्यावर पोती. भिंतीपासून दूर. भिंतीतली भोकं काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवली. पोरांना बसायला तेवढी जागा कमी झाली, चिकटून बसतील. आधीही चिकटूनच बसत.

पोत्यांखाली काय काय निघालं : गोष्टीच्या पुस्तकाचं अर्धं पान, पेन्सिलींची टोकं, चुरमुरे, फुटाणे, एक आख्खी चपाती. उंदरांचं आमच्यापेक्षा बरं चाललं होतं.

शुक्रवार, २६ जुलै

चुरमुऱ्यांचा उगम सापडला. सरस्वती. दर शुक्रवारी पूजा, मग वर्गावर्गात चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद. अर्धा पोरांच्या पोटात, अर्धा बाकाच्या कप्प्यात. मी म्हटलं, प्रसाद आवारात नळापाशी वाटू, सांडेल तो चिमण्या खातील. चौथीचे कदमसर म्हणाले, "देवीचा प्रसाद बाहेर? पालक काय म्हणतील?"

कदमसरांच्या टेबलाच्या खणात चिवड्याची पिशवी असते, खालच्या बाजूने कुरतडलेली. ती मी वर काढून टेबलावर ठेवली. प्रसाद बाहेर गेला.

मंगळवार, ३० जुलै

साळुंखेशी झटापट. आमच्याकडे झाडतात सकाळी. म्हणजे संध्याकाळी सांडलेलं रात्रभर उंदरांना ताट वाढून ठेवल्यासारखं. म्हटलं, शाळा सुटली की लगेच झाडा.

"म्याडम, सांजचं केर काढत न्हाईत. लक्ष्मी जाती."

"साळुंखे, आपल्या शाळेत लक्ष्मी कधी आली होती?"

"आली न्हाई म्याडम. पन आलीच आसती तर."

शेवटी दिवेलागणीच्या आधी झाडायचं ठरलं, आणि केर कोपऱ्यात झाकून ठेवायचा, बाहेर सकाळी टाकायचा. लक्ष्मीलाही वाट, साळुंख्यालाही. मात्र झाकण पत्र्याचं हवं, हा माझा हट्ट.

अण्णांच्या चार पुड्या जुन्या दप्तराच्या कपाटात, कुलपात. किल्ली माझ्या पदराला.

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडा, गूळ-शेंगदाणे (आवारात). पालक बऱ्याच संख्येने. एक गृहस्थ, दोन मुलं शाळेत, जवळ येऊन म्हणाले, "बाई, औंदा शाळेकडं लक्ष न्हाई वाटतं कुनाचं. औषध मारलेलं दिसत न्हाई. वास न्हाई."

"उंदीर दिसला का?"

"उंदीर न्हाई दिसला. पर वास बी न्हाई."

दुसऱ्या एका बाईंनी दुजोरा दिला. पूर्वी मुलांच्या कपड्यांना वास यायचा म्हणे, कळायचं शाळेतून आली.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू डॉक्टर झाली असतीस तर एकही पेशंट टिकला नसता. इंजेक्शन दिलं नाहीस तर पैसे कशाचे?" वर्तमानपत्र वर धरून हसत होते, पोट हलत होतं त्यावरून कळलं.

सोमवार, १९ ऑगस्ट

पहिलीचा वर्ग खोलीत परत. सोनाबाईने काय केलं, ते लिहून ठेवायला हवं. रंजनाला दाराबाहेर उभी केली. स्वतः आत गेली. पदर तोंडावरून बाजूला केला, खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन दीर्घ श्वास घेतला. पोत्यांच्या मागे वाकून घेतला. मग बाहेर येऊन म्हणाली, "बस जा."

आता रोज हे. सकाळी पोर दाराबाहेर, आजी आत. पोरांना वाटतं ही नवी प्रार्थना आहे. काहीजण तिच्यामागे जाऊन कोपऱ्यात वास घेतात.

शनिवार, ३१ ऑगस्ट

रंजनाची ऑगस्टची हजेरी भरली. तांदूळ मिळाला. तीन किलोची पिशवी तिने स्वतः उचलली, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून फाटकापर्यंत गेली. मग आजीने घेतली.

तांदळाला किडा नाही. महिन्यात उंदीर दिसला तो एकदा, आवारात, मार्केटच्या दिशेने जात होता. साळुंख्याने सलाम ठोकला.

हे सगळं कोणाला सांगावं? काही घडलं नाही, ही बातमी कोण ऐकतो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सोमवारी गणपती. अण्णांचा निरोप : शाळेत गणपती बसायचा आहे, त्याआधी माणूस पाठवतो, मागच्यावेळी वास आला नाही अशी तक्रार आहे लोकांची.

बोलायला गेले. गल्ल्यावर चार माणसं बसलेली. त्यातला एक म्हणाला, "अध्यक्षांचं औषध हलकं झालं का काय?" अण्णांचा चेहरा पडला. मला एकदम कळलं, या माणसाला उंदरांशी काही घेणं नाही, याची अब्रू त्या वासात आहे. चार माणसांसमोर म्हणणं शक्यच नव्हतं की तुमचं औषध मी कपाटात ठेवलंय. तोंडातून निघालं, "माणूस कशाला, अण्णा. पुड्या आहेत की शाळेत. मारून घेते मी."

"बगा हं. वास आला पायजे."

येताना फिनेलचा डबा घेतला. फाटकापाशी गटार आहे, पहिलीच्या खोलीपासून सगळ्यांत लांब. साळुंख्याला म्हटलं, रोज सकाळी एवढं ओतायचं.

"म्याडम, ही फसवनूक झाली."

"फौजेत काय म्हणतात याला?"

जरा विचार केला. "कॅमोफ्लाज."

मग ओतलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

सोनाबाई फाटकातच थबकली. "बाई, हितं नवा वास हाय. त्यो कशापायी?"

सांगितलं.

पदर तोंडाला लावून उभी. मला वाटलं चिडली, तर खांदे हलत होते. "म्हंजे उंदराला न्हाई, पोरीला न्हाई, अण्णाला व्हय." पुन्हा खोलीत जाऊन कोपरे हुंगून आली. माझ्यावर विश्वास आहे, पण नाकावर जास्त.

दुपारी अण्णा स्वतः फाटकाशी स्कूटर थांबवून गेले. आत आले नाहीत. वास घेतला आणि समाधानाने निघून गेले.

शनिवार, २८ सप्टेंबर

गणपती पार पडले. केंद्रप्रमुख तपासणीला आले. आमच्या भागातल्या सगळ्या शाळांवर हेच साहेब. तांदूळ पाहिला, मूठभर घेऊन उन्हात धरला. "एवढा स्वच्छ तांदूळ माझ्या केंद्रात नाही दुसरीकडे." मी तोंड उघडणार, तोच म्हणाले, "फाटकातच कळलं. अध्यक्षांचं औषध चांगलं दिसतंय."

शेजारी अण्णा होते. काय बोलणार? म्हणजे काय बोलायचं ते माहीत होतं, चार वाक्यं होती. फळ्या, काचा, केर, प्रसाद. एकही निघालं नाही. जिभेला धार आहे अशी माझी ख्याती. वेळेवर म्यानातच.

साळुंखे दाराशी ताठ उभा होता, सरळ समोर बघत. फौजेत शिकवतात तसं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

व्हायचं ते झालं. केंद्राच्या सभेत अण्णांचा सत्कार. शाल, श्रीफळ. केंद्रप्रमुखांनी आमच्या शाळेचा आदर्श सांगितला. अण्णा भाषणाला उठले, खोकले, डोळ्यांत पाणी (खोकल्याने का सत्काराने, कळलं नाही), आणि म्हणाले, "माज्याच्यानं एका शाळेचं भलं झालं, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? दिवाळीची सुट्टी संपली का केंद्रातल्या समद्या शाळांना औषध माज्याकडनं. आन् आपल्या शाळेला डबल."

टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. हात आपोआप वाजतात सभेत.

कुठल्या शाळेत पहिलीची पोरं तांदळाच्या खोलीत बसतात? सगळ्यांत. एक फिनेलचा डबा मी गटारात ओतला, तो कुठवर वाहत गेला बघा.

सोमवार, १४ ऑक्टोबर

सोनाबाईच्या कानावर गेलं. मार्केटात सगळं कळतं.

"डबल म्हनं?"

"थांबवते."

"कसं थांबिवनार? तुमीच म्हनला न्हवं, औषधानं झालं."

"मी म्हटलं नाही. ते म्हणाले, मी गप्प बसले."

"त्येच की वो."

रंजना मागे उभी राहून पाढे म्हणत होती. बे एके बे. हल्ली मोठ्याने म्हणते, न थांबता, दम न लागता. आजीने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "दिवाळीनंतर येक दिवस बघीन, बाई. वास आला तर मग न्हाई आननार. तिच्या बापाला मीच सांगीन."

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

उद्यापासून सुट्टी. आज जायचंच होतं. कपाटातून चारही पुड्या काढल्या, जशाच्या तशा, न फोडलेल्या. दुपारच्या वेळी गेले, दुकानात कोणी नसतं. अण्णा डबा खात होते. गल्ल्यावर, डब्याच्या शेजारी, पुड्या मांडल्या.

ओळखल्या. एक उलटीसुलटी करून बघितली.

"हे तर जुलैतलं."

"हो."

"मग मारलं काय?"

"काही नाही. फाटकात फिनेल."

घास हातातच. म्हणाले, "मग उंदीर गेले कशानं?"

"उपाशी राहून. आम्ही खायला घातलं नाही."

सगळं सांगितलं. रंजनाचं तर जुलैतच सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाले, "माजा सत्कार झाला की वो, बाई."

"झाला."

"शाल घरात लावलीय भितीला. काचंत."

वीस वर्षं लोकांना टोमणे मारते आहे, एकाही टोमण्याला इथे जागा नव्हती. म्हटलं, "सत्कार खोटा नाही, अण्णा. तांदूळ चांगला राहिला तो तुमच्या शाळेत. फळ्यांचं, भोकं बुजवायचं त्या बाकीच्या शाळांना तुम्ही सांगा. तुमच्या नावाने. मी फलकावर लिहीन, सौजन्य अध्यक्ष."

"लोक वास इच्यारतील."

"विचारू देत."

"माल काढून ठिवलाय. टेंपो ठरलाय."

बोटं चाटून डबा बंद केला. खोकला आला, बराच वेळ थांबेना. पाणी प्यायले. पुड्या मागच्या फळीवर ठेवल्या नाहीत, गल्ल्याच्या खाली सारल्या. मला म्हणाले, "बगू."

"बगू" म्हणजे काय, ते महाराष्ट्रात कोणालाच सांगता येत नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर. सांगली

दिवाळीला ताईकडे. उपाध्येंना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "ताई, उंदराचं सोपं असतंय. त्याला खायला नाही दिलं की जातो. माणसाला मान लागतो, तो कुठनं तोडणार?" फराळाचं ताट पुढे केलं. सांडलेली शेव स्वतः वेचली, बोलता बोलता, सवयीने.

सोमवार, २५ नोव्हेंबर

शाळेच्या वेळेत रोजनिशी कधी लिहीत नाही. आज पहिलीच्या खोलीत, पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून लिहिते आहे.

सकाळी फाटकात टेंपो उभा. भरलेला, वर ताडपत्री. पुढच्या सीटवर अण्णा. साळुंखे फाटकाची कडी धरून, "म्याडम, काय हुकूम?" म्हटलं, फाटक उघडंच असू दे, शाळा आहे, तुरुंग नाही.

तेवढ्यात सोनाबाई आली, रंजनाचा हात धरून. टेंपो बघितला. आत खोलीत नेहमीसारखी गेली, चारी कोपरे हुंगले, पोत्यांमागे वाकली. बाहेर आली. आत वास नव्हता. पण वास फाटकात उभा होता, ताडपत्रीखाली, आणि ते तिला न हुंगता कळत होतं.

"बाई, बसवू का न्यू?"

"बसव. मी बसते तिच्या शेजारी."

रंजना बसली. मी बसले. आजी दाराच्या पायरीवर टेकली, आत नाही, बाहेर नाही.

मग अण्णा उतरले. चालत आले, दारात चप्पल काढली. मांडणीपाशी वाकून खाली बघितलं. हाताने चाचपलं, भिंतीकडेने, फळ्यांखाली. लेंड्या शोधत असावेत. बोटं वर करून बघितली. नाकाशी धरली. पोरं टक लावून बघत होती. एकाने विचारलं, "हे बी वास घ्यायला आलेत?"

सोनाबाई म्हणाली, "घेऊ दे की. सवय न्हाई त्यास्नी."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग रंजनाकडे. "हीच का ती?" मी मान हलवली. अण्णांनी चप्पल घातली, टेंपोपर्यंत गेले, पुढच्या सीटवर पुन्हा बसले.

याला अर्धा तास झाला असेल. ड्रायव्हरने इंजिन बंद केलंय. टेंपो ना आत येतो, ना मागे फिरतो, ना पुढच्या शाळेला निघतो. फाटकातून फक्त खोकला ऐकू येतो. साळुंख्याने आज फिनेल ओतलेलं नाही, मी सांगितलं नव्हतं तरी.

पोरं बेच्या पाढ्यावरून तीनच्या पाढ्यावर आली आहेत. सोनाबाई पायरीवरून उठलेली नाही. आज तिचा कांद्यातला खाडा.